गजूसाठी गेले, गजूला सोडून

भोकरदनच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा आमच्यात सगळ्यांत खुशीत होता तो माझा धाकटा भाऊ गजू. माझी वळकटी त्यानं हट्टानं स्वतःच्या डोक्यावर घेतली होती आणि नानांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, पुढं पुढं चालत होता. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी रोज गावाहून भोकरदनला कॉलेजला जायची. परतताना त्याच्यासाठी कधी पेरू, कधी भेळेची पुडी आणायची. बहीण भोकरदनला जाते आणि दिवस मावळायच्या आत परत येते, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशीही तसंच असणार, असं तो धरून चालला होता.

गजूला जन्मापासून ऐकू येत नाही. म्हणून तो तोंडानं बोलत नाही. हातांनी मात्र इतकं बोलतो की समोरचा दमून जातो. आमच्या घराची स्वतःची अशी एक हातांची भाषा होती, ती त्यानं आणि मी मिळून केलेली. कपाळाला बोट टेकवलं की माय. ओठांवरून दोन बोटं फिरवली की मिशीवाले नाना. खांद्यावरची वेणी ओढल्यासारखं केलं की मी, रेणू.

नानांनी वळकटी आणि पत्र्याची पेटी गाडीत चढवली तेव्हा त्याचा चेहरा बदलला. कॉलेजला जाताना कुणी अंथरूण नेत नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं, वेणी ओढल्यासारखं केलं आणि मावळतीकडं हात करून खाली आणला. संध्याकाळी येशील ना? मी नाही म्हणून मान हलवली. मुठी वर नेऊन फटकन उघडल्या. दिवाळी. तेव्हा आषाढ चालू होता. कापसाला अजून बोंडही धरलं नव्हतं, आणि कापूस घरी आल्याशिवाय दिवाळी येत नाही हे त्याला कळत होतं. त्यानं पुन्हा मावळतीकडं हात नेला, खाली आणला. पुन्हा नेला, पुन्हा आणला. किती वेळा तसं करत राहिला. इतक्या संध्याकाळी?

मी हो म्हटलं, आणि त्यानं माझ्याकडं पाठ केली.

ज्याला ऐकू येतं त्यानं पाठ केली तरी त्याला मागून हाक मारता येते. गजूनं पाठ केली की संपलं. गाडी हलली, नाना म्हणाले, "पोचल्यावर फोन कर." माय पदर तोंडाशी धरून उभी होती. मी खिडकीतून हात हलवत राहिले, गजूच्या पाठीकडं बघून.

हे सगळं मी आता लिहायला बसले त्याला कारण आहे. गावाकडच्या मुली मला फोन करतात. "ताई, तुम्ही नेमकं काय शिकल्या? डाक्टर न्हाई, नर्स न्हाई, मंग दवाखान्यात काय करता?" फोनवर सांगायला गेलं की अर्धंच सांगून होतं. म्हणून एकदा नीट सांगते. जे गावात राहिले त्यांना, आणि जे माझ्यासारखे पेटी घेऊन निघाले त्यांनाही.

गजू माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तो बोलत नाही याची घरात फारशी काळजी कुणाला वाटली नव्हती. भावकीतले म्हणायचे, "ह्याचा चुलता बी उशिराच बोलला व्हता. बोलंल." मग एक दिवस अंगणात शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर मागं येत होता. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता आणि गजू चाकामागं बसून मातीत खेळत होता. मायनं धावत जाऊन उचललं म्हणून वाचला. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. तो तीन वर्षांचा होत आला होता.

त्यानंतर कुणी सांगेल ते केलं. देव झाले, दर्गे झाले, जिभेला वेखंड लावून झालं. शेवटी जालन्याच्या एका डॉक्टरांनी सरळ औरंगाबादला पाठवलं, म्हणजे आताच्या संभाजीनगरला. तिथं गजूला औषध पाजून झोपवलं, डोक्याला वायरी लावल्या. मी हट्टानं बरोबर गेले होते. डॉक्टरांनी कागद बघितला, दोन वाक्यांत सांगितलं की दोन्ही कान जवळजवळ बंद आहेत आणि यायला उशीर झाला, आणि ते पुढच्या पेशंटकडं वळले. त्यांच्या दाराबाहेर माणसं जिन्यापर्यंत उभी होती, त्यांचंही चूक नव्हतं.

पण ज्या मॅडमनी तपासणी केली होती त्या बाहेर येऊन मायशेजारी बाकावर बसल्या. मायनं त्यांना एकच विचारलं, "मी ह्याला हाक मारते तव्हा ह्याला काय ऐकू येतं?"

मॅडमनी मायच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले, वरून तळहात दाबून धरले आणि काहीतरी बोलल्या. मला ऐकू आलं. मायला नाही. मायला नुसते हलणारे ओठ दिसले. मग हात काढून मॅडम म्हणाल्या, "असं. याहूनही कमी."

माय तिथंच रडायला लागली. मला मात्र पहिल्यांदाच कुणीतरी गजूच्या डोक्याच्या आत नेऊन आणल्यासारखं वाटलं. दहा वर्षांची होते मी. डॉक्टर व्हायचं असं सगळीच पोरं म्हणतात, मीही म्हणायची. त्या दिवसापासून मला त्या मॅडम व्हायचं होतं, फक्त त्या कोण असतात हे ठाऊक नव्हतं.

पुढं एका शिबिरात गजूला कानाचं मशीन मिळालं. खिशात ठेवायची डबी आणि तिच्यातून कानापर्यंत वायर. ते घातलं की शिट्टी वाजायची. घामानं बंद पडायचं. सेल फक्त जालन्याला मिळायचे. महिनाभरातच वासरानं वायर चघळली आणि गजूनं ते मशीन मोठ्या समाधानानं कोनाड्यात नेऊन ठेवलं. मग मीच त्याचं मशीन झाले. दुकानात मी, शाळेत मी, पाहुण्यांसमोर मी. गुरुजी काय म्हणाले ते मी हातांनी त्याला सांगायची आणि तो काय म्हणतो ते तोंडानं सगळ्यांना. तो शिव्याही हातांनीच द्यायचा. त्या मात्र मी जरा सौम्य करून सांगायची. नाना त्याच्याशी खुणेनं कामापुरतं बोलायचे. माय नुसती मोठ्यानं बोलायची. तिला वाटायचं, लेकराला एक ना एक दिवस ऐकू येईल, आपण थांबायला नको.

बारावीला मार्क बरे पडले, पण मेडिकलला पुरतील एवढे नव्हते. मामा जालन्याहून मुद्दाम आले. "नर्सिंग कर, फार्मसी कर, न्हाईतर सरळ डीएड कर. हाताशी येणारं काहीतरी बघ." मी म्हटलं, मला कानाचं आणि बोलण्याचं शिकायचंय. संभाजीनगरच्या मॅडमना मी शोधून काढलं होतं, त्यांनी ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपीचा, म्हणजे कान तपासण्याचा आणि बोलायला शिकवण्याचा, कोर्स सांगितला होता, पुण्यातल्या कॉलेजात नंबरही लागला होता. मामा नानांकडं वळले. "दाजी, हे शिक्षण कुणी ऐकलंय का? उद्या सोयरिकीला लोक विचारतील, पोरगी काय शिकली, तर काय सांगसान?"

नाना तोंड उघडायच्या आत बोलली ती माय.

"तू गेली तर ह्याचं कोण ऐकंल?"

"त्याच्यासाठीच चालले ना मी."

"त्याच्यासाठी चालली, अन् त्यालाच सोडून चालली," माय म्हणाली, आणि परातीतलं पीठ मळायला लागली.

आठ दिवस घरात कुणी तो विषय काढला नाही. मग एका सकाळी नाना अद्रकीला, म्हणजे आल्याच्या पिकाला, पाणी देत होते, मी न्याहारी घेऊन गेले. भाकरी खाता खाता त्यांनी विचारलं, "तुला जमंल का ते?"

"माहीत न्हाई."

"मंग जा. माहीत असतं तर जायची गरजच नव्हती."

एवढ्या एका वाक्यावर मी पुण्याला आले.

पुण्यात पहिल्याच आठवड्यात कळलं की मला मराठीसुद्धा येत नाही. एका प्रॅक्टिकलला प्रत्येकीनं आपलं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि मग वर्गात ऐकायचं होतं. माझं लागलं. "मी सध्या हॉस्टेलवर राहून राह्यले. घरी मायबाप हायेत, एक भाऊ हे, त्याला ऐकू येत न्हाई." मागच्या बाकावर हसू फुटलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, त्याच मुली पुढं माझ्या मैत्रिणी झाल्या. पण शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "रेणुका, लहान मुलं तुझं बोलणं उचलणार आहेत. क्लिनिकमध्ये प्रमाण भाषा लागेल." तेव्हापासून मी आरशासमोर उभी राहून 'नाही' म्हणायची सवय करायला लागले. मुलांना बोलायला शिकवण्याआधी मीच नव्यानं बोलायला शिकत होते.

इंग्रजीचं तर विचारूच नका. कानाच्या आतल्या इवल्याशा हाडांची, नसांची, शंखासारख्या त्या कॉक्लियाची नावं पाठ व्हायची, पण आवाजाचं फिजिक्स डोक्यावरून जायचं. पहिल्याच चाचणीत त्याच विषयात मी नापास झाले. आमच्या बॅचमध्ये कुणाचे वडील डॉक्टर, कुणाची आई शाळेत. त्यांना अडलं तर घरी विचारायला माणूस होतं. मी घरी फोन केला की नाना विचारायचे, "जेवली का? पाऊस हाय का तिकडं?" आणि मी म्हणायची, सगळं बराबर आहे.

सगळ्यात वाईट म्हणजे तो फोनच. नानांकडं बटणांचा फोन होता. रविवारी सगळ्यांशी बोलून झालं की माय तो गजूच्या कानाला लावायची. त्याचा श्वास ऐकू यायचा. कधी तो घशातून एक आवाज काढायचा, खूश असला की काढतो तो. मी इकडून "गजू, गजू" म्हणत राहायची. मग माय फोन काढून घ्यायची. घरातल्या सगळ्यांशी माझं बोलणं चालू होतं, आणि ज्याच्याशी सगळ्यात जास्त बोलायची त्याच्याशी बंद पडलं होतं. त्याला काय वाटत असेल, हे मला आठवड्याला एकदा, त्याची भाषा न येणारी माणसं सांगायची.

दसऱ्याच्या आधी नानांचा फोन आला, भलत्याच वारी आणि भर दुपारी. गजू सकाळपासून सापडत नव्हता. मी वर्ग सोडून बाहेर आले आणि व्हरांड्यात उभी राहिले. संध्याकाळी पुन्हा फोन आला. पोरगं भोकरदनला जाऊन गाडीत बसलं होतं. कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं तर यानं नुसती वेणी ओढल्याची खूण केली. सिल्लोडला कंडक्टरनं त्याला उतरवून स्टँडवरच्या साहेबांपाशी बसवलं. तिथं आमच्या गावच्या एका माणसानं ओळखलं म्हणून घरी पोचला. नाना म्हणाले, "तुझ्याकडंच येऊन राह्यला व्हता."

मी हॉस्टेलवर गेले आणि पेटी भरायला घेतली. खरं सांगते, त्यात नुसती गजूची काळजी नव्हती. नापास झाल्याची लाज होती, आरशासमोरच्या 'नाही'चा कंटाळा होता, घरची ओढ होती. आता परत जायला असं कारण मिळालं होतं की कुणी बोट ठेवलं नसतं. मी नानांना फोन केला. म्हटलं, उद्याच्या गाडीनं येते, आता परत जाणार नाही.

"तुझी माय बोलते म्हणते," नाना म्हणाले.

मायला फोनवर बोलायचा संकोच. ती नेहमी लांबूनच ओरडायची, बरी हाय का म्हणून. त्या दिवशी तिनं फोन हातात घेतला.

"येऊ नको."

"माय, त्याचं कोण ऐकून राह्यलं तिथं? तूच म्हणाली व्हती."

"मी ऐकून राह्यले," माय म्हणाली. "तो गेल्ता तव्हापासून म्या इचार केला. नऊ महिने पोटात म्या ठिवला, अन् त्याचं बोलणं तुला येतं, मला न्हाई. तू व्हती तव्हा मला कधी गरजच पडली न्हाई. आता शिकते. आज दिवसभर त्यालाच इचारलं, ह्याला काय म्हणतो, त्याला काय म्हणतो. हसतो मला. हसू दे. तू तिथलं शिक, मी इथलं शिकते. पेटी उघड."

तिनं मला पेटी उघड म्हटलं. मी भरत होते हे तिला कसं कळलं, ते मी कधी विचारलं नाही.

दिवाळीला घरी गेले. गजू ओट्यावरच उभा होता. पाठ करतो की काय, अशी धास्ती घेऊन मी फाटकातून आत आले. तो धावत आला, माझी पिशवी ओढून घेतली आणि आधी आत काय आहे ते बघितलं. मग मायला बोलावून आणलं आणि दोघं माझ्यासमोर बोलायला लागले. गजूनं मनगटाला काहीतरी बांधल्यासारखं केलं आणि डोळे फिरवले. मायनं पदर कमरेला खोचून उत्तर दिलं, बोटांनी, भराभर. गजू पोट धरून हसला. मी बघतच राहिले. मला त्यातलं काही कळलं नव्हतं.

"काय म्हणतो तो?" मी मायला विचारलं.

"अगं, घड्याळ म्हणजे नवे गुरुजी. हाताला मोठं घड्याळ घालतेत. दर घडी त्यातच बघतेत. तू तरी काय कमी हाईस, म्हणलं मी."

माझ्या भावाचं बोलणं माझी माय मला समजावून सांगत होती. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले आणि नंतर न्हाणीघराच्या आडोशाला जाऊन पोटभर रडलेही. आनंद तर होताच. पण आपल्याशिवाय अडणारं एक घर होतं, आणि आता ते अडत नव्हतं, याचं थोडं दुःखही होतं. घर सोडून गेलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी हे कळतं. मला जरा लवकर कळलं. पण त्यामुळेच मी पुण्याला परतले ती मोकळ्या मनानं. आवाजाचं फिजिक्सही पुढच्या वेळी सुटलं.

तिसऱ्या वर्षी कॉलेजच्या क्लिनिकमध्ये पेशंट बघणं सुरू झालं. एकदा एक बाई चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाला थोडं ऐकू येत होतं, मशीन लावलं होतं, पण महिनाभर येऊनही थेरपीत काही पुढं सरकत नव्हतं. आई घरी त्याच्याशी किती बोलते, यावर सगळं अवलंबून असतं, आणि ही बाई आमच्यासमोर तोंडच उघडत नव्हती. विचारलं की "हो मॅडम." मी फाईल बघितली. पत्ता हडपसरचा होता, पण आडनाव ओळखीचं वाटलं.

"गाव कोणतं तुमचं?"

"अंबडकडं आहे, मॅडम. इथं साइटवर कामाला असतो."

"मी भोकरदनची," मी म्हटलं. "घरी पोराशी बोलता का न्हाई?"

तिनं चमकून वर पाहिलं. "बोलू वाटतं वो. पण आमचं बोलणं आसं. तुम्ही इथं त्याला चांगलं शिकवून राह्यल्या, अन् मी घरी जाऊन बिघडवून ठिवायचं? म्हणून गप राहते."

लेकराचं भलं व्हावं म्हणून ती महिनाभर लेकराशी बोलली नव्हती. मी आमच्या मॅडमना, त्याच प्रमाण भाषेच्या मॅडमना, जाऊन हे सांगितलं. त्यांनी ती फाईल माझ्यापुढं सरकवली. मग म्हणाल्या, "ही केस तू घे. आणि तिच्याशी तुझ्या भाषेत बोल." त्या बाईला मी एवढंच सांगितलं, स्वयंपाक करताना, आंघोळ घालताना, रस्त्यानं चालताना त्याच्याशी बोलत राहा, जसं येतं तसं. पावसाळा संपता संपता पोरगं क्लिनिकच्या दारातून आत येतानाच ओरडलं, "आलो नं म्या!" मॅडमही हसल्या. त्या दिवशी मला वाटलं, मी इथं येऊन चूक केली नाही.

आता मी पुण्यातच काम करते. नवरा, मी आणि दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. ओपीडी, थेरपीच्या अपॉइंटमेंटा, पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुप यात दिवस जातो. गजू मोठा झाला, मूकबधिर मुलांच्या शाळेत राहिला, शिवणकाम शिकला. भोकरदनला त्याचं छोटं दुकान आहे, ब्लाउज आणि शाळेचे गणवेश. त्याच्या हातात पहिला मोठा फोन आला त्या दिवशी त्यानं व्हिडिओ कॉल केला आणि आम्ही पहिल्यांदा लांबून एकमेकांशी बोललो. म्हणजे तो बोलला. फोन टेबलाला टेकवून, दोन्ही हातांनी, सगळी साचलेली वर्षं. मला मध्ये एक शब्द घालू दिला नाही.

त्याची बायको मनीषा जाफराबादकडची. तिलाही ऐकू येत नाही. ती शाळेत खरी सांकेतिक भाषा शिकलेली. आमच्या घरच्या खुणा बघून सुरुवातीला ती हसायची, पुण्यात मुली माझ्या बोलण्याला हसल्या होत्या तशीच. मग तिनं मायला तिची भाषा शिकवली आणि मायनं तिला आमची. आता तिसरीच काहीतरी झाली आहे.

गेल्याच्या गेल्या वर्षी त्यांना मुलगी झाली. मी आमच्या सेंटरमधून बाळांचे कान तपासायचं छोटं मशीन घेऊन गावी गेले. बाळ महिन्याचं होतं. तपासणीला बाळ झोपलेलं लागतं आणि घर शांत लागतं. आमच्या घरात बोलण्याचा आवाज कमीच, पण मायनं पंखा बंद केला, कुकर उतरवला, शेजारच्या पिठाच्या गिरणीवर जाऊन "घडीभर बंद ठिवा वो, नातीचा कान बघायचाय," असं सांगून आली. नाना ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ओठांवर बोट ठेवून दाखवत होते. मी मशीनचं टोक दोनदा पुसलं आणि तिसऱ्यांदा पुसायला घेतलं. शेकडो बाळांचे कान तपासलेत मी. त्यांच्या आयांना धीर दिलाय.

गजूनं माझा दंड धरला. त्यानं विचारलं, घाबरलीस का?

मी हो म्हटलं.

"ऐकू येत नसलं तर घाबरू नको," तो हातांनी म्हणाला. "ते आम्हाला येतं. मी आहे, मनीषा आहे, माय आहे. तिला कधीच गप्प बसावं लागणार नाही." मग थांबला. "ऐकू येत असलं तर अवघड. ते आम्हाला येत नाही. ते तू शिकवायचं."

मी एवढी वर्षं या विषयात आहे, पण या बाजूनं मी कधी पाहिलं नव्हतं.

मशीननं उजवा कान पास दाखवला. मग डावाही. पुढं संभाजीनगरला मोठी तपासणीही करून घेतली, ती पण नीट आली. मी सांगितलं तेव्हा मनीषानं बाळाला छातीशी धरलं आणि त्याच्या कानाला गाल लावून बसली. मायनं आधी देवाला हात जोडले. मग बाळाजवळ गेली आणि बोलायला लागली. गजू लहान असताना बोलायची तशी, मोठ्यानं, आणि हातही चालूच. ती दोन्ही एकदम करते आता. नाना म्हणतात, तिच्या जवळ उभं राहायची सोय राहिली नाही, कुठून हात येईल सांगता येत नाही.

त्यांची छकुली आता दोन वर्षांची होत आली. मी पूर्वीपेक्षा जास्त वेळा घरी जाते, कारण तिला बोलायला शिकवायचं काम गजूनं मला लावून दिलंय. मागच्या खेपेला मी अंगणात बसले होते. फाटकावर कुणीतरी हाक मारली. छकुलीनं ऐकलं, हातातलं टाकलं आणि घरात बापाला सांगायला निघाली. मी तिला थांबवायला अर्धी उठले. एवढंसं लेकरू, आणि आत्तापासून घराचा कान व्हायला निघालं.

पण गजू आधीच बाहेर येत होता. फाटकाला त्यानं एक बटण बसवलंय, ते दाबलं की घरात दिवा लागतो. हाक मारणाऱ्यानं हाक मारता मारता बटणही दाबलं होतं. गजूनं छकुलीला उचललं, परत माझ्याजवळ आणून मातीत बसवलं आणि मला म्हणाला, "हे तिचं काम नाही. तिला खेळू दे."

मी मान डोलावली. तो जायला वळला, आणि पुन्हा माझ्याकडं तोंड केलं.

"तू नाही खेळलीस," तो म्हणाला. "मला माहीत आहे."

इतक्या वर्षांत याबद्दल आमच्यात एक खूणही झाली नव्हती. मला ते कधी ओझं वाटलंच नव्हतं, आणि तरी त्यानं ते बघून ठेवलं होतं.

कुणी मला विचारलं, आता घर कुठलं तुमचं, पुणं का गाव, तर पूर्वी मी अडखळायची. आता सांगते. जिथं मला कुणाच्याच वतीनं बोलावं लागत नाही, ते माझं घर. लोक समजतात मी दमून असं म्हणते. दमून नाही, गावी आता सगळे आपापलं बोलतात म्हणून.

त्या दुपारी छकुलीनं मातीचा एक गोळा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "भाकर कर." तोंडानंही म्हणाली, हातांनीही. मी भाकरी केली. ती म्हणाली, जळली. मग दुसरी केली.